पाटीवरचं नाव: एका बालवाडीच्या फोटोंचं प्रकरण

पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात. त्यामुळे लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा जानेवारीत बऱ्याचदा बॅगेतच असतो. मिरजेत माझा छोटा स्टुडिओ आहे: पासपोर्ट फोटो, बारसं, मुंज, लग्न, सगळं करतो. 2024 च्या जानेवारीत एका बालवाडीच्या मोठ्या बाईंचा फोन आला. नेहमीच्या फोटोवाल्यांनी काम सोडलं होतं आणि मुलांचे एकेकटे फोटो आणि तुकड्यांचे ग्रुप फोटो काढायला त्यांना कोणीतरी हवं होतं. बालवाडीला जोडून एक पाळणाघरही होतं. मी लगेच हो म्हटलं. लग्नात आठशे माणसांच्या गर्दीत काम करणाऱ्याला दीडशे मुलं काय जड, असंच तेव्हा वाटलं होतं.

ही नोंद त्या एका ठिकाणच्या दोन वर्षांची आहे. पहिल्या वर्षी काय चुकलं आणि दुसऱ्या वर्षी काय बदललं, ते आकड्यांसह लिहितोय. शाळेच्या फोटोंत पाऊल टाकू पाहणारे बरेच जण मला लेन्स आणि लाईट विचारतात. यादीबद्दल कोणी विचारत नाही, आणि माझं पहिलं वर्ष यादीपायीच बिघडलं.

मुलं एकूण 156 होती. लहान गटाच्या दोन तुकड्यांत 31 आणि 33, मोठ्या गटाच्या दोन तुकड्यांत 34 आणि 35, आणि पाळणाघरात 23. बालवाडीची वेळ सकाळी 9 ते 12. फोटोंसाठी 22 जानेवारी ठरली होती, पण त्या दिवशी राज्यात सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली म्हणून काम 24 आणि 25 वर गेलं. ते फायद्याचंच ठरलं, कारण 26 जानेवारीच्या झेंडावंदनासाठी सगळ्यांचे गणवेश धुऊन इस्त्री केलेले होते.

वेळेचं गणित मी चुकीचं मांडलं होतं. एका मुलाला 40 सेकंद धरले तर बालवाडीची 133 मुलं दीड तासात उरकतात. पण मूल येऊन नुसतं बसत नाही. त्याचं नाक पुसावं लागतं, शर्टाचं वरचं बटण लावावं लागतं, केसांवरून हात फिरवावा लागतो. मग ते आधी फ्लॅशकडे बघतं, मग ताईंकडे, आणि शेवटी आपल्याकडे. प्रत्येकी दोन मिनिटं खरी. म्हणजे साडेचार तासांच्या जवळपास. तीन तासांच्या बालवाडीत हे एका दिवसात बसत नाही. दोन दिवस आधीच ठरले होते म्हणून निभावलं.

पाळणाघरात मी दुपारी साडेबाराला गेलो, बालवाडी सुटल्यावर. तिथे साडेबारा म्हणजे जेवण झालेलं आणि डोळे मिटायला लागलेले. दीड-दोन वर्षांची मुलं, समोर अनोळखी माणूस, त्यात डोळ्यांवर लख्ख उजेड. 23 पैकी नऊ जण रडले, आणि एकाचं बघून दुसरं रडायला लागलं. मावशींनी मला शांतपणे बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "काका, उद्या दहाला या. सव्वादहाला खाऊ होतो, त्यानंतर पोरं खुशीत असतात." पाळणाघराचं वेळापत्रक मावशींना विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, हे तेव्हापासून पक्कं झालं.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथेही मी अडखळलो. मिळालेली खोली दहा बाय चौदाची होती, भिंती गडद पिवळ्या आणि त्यांवर फुलपाखरं. मी दोन्ही फ्लॅश पांढऱ्या छत्र्यांमधून मारले. छत्री उजेड चहूकडे फेकते, तो पिवळ्या भिंतींवरून परत येतो आणि मुलाच्या सावलीकडच्या गालावर बसतो. घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर प्रत्येक मुलाचा एक गाल कावीळ झाल्यासारखा. सगळ्या फोटोचा रंग एकदम सुधारता येत नाही, कारण दुसरा गाल बरोबर असतो. 156 फोटोंत हे हातानं निस्तरायला दोन दिवस गेले.

दुसऱ्या वर्षी छत्र्या घरी ठेवल्या. एकच फ्लॅश, तोंडाला 90 सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करून एकाच दिशेला टाकणारी कापडी पेटी), मुलाच्या डोळ्यांपेक्षा थोडा वर आणि बाजूला. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट. पिवळ्या भिंतींवर दोन पांढऱ्या चादरी टांगल्या. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, 50 मिलिमीटरची लेन्स, मुलापासून पावणेदोन मीटर. एफ 5.6, शटर 1/160, आयएसओ 200. सुरुवातीला ग्रे कार्डचा, म्हणजे रंग बरोबर जुळवायला वापरतात त्या राखाडी कार्डाचा, एक फोटो, आणि मग दिवसभर कशालाही हात नाही. शाळेच्या कामात सेटिंग एकदा बांधलं की बांधलं. पहिल्या मुलाचा आणि शेवटच्या मुलाचा उजेड सारखाच यायला हवा, कारण वाटपाच्या दिवशी पालक गेटवर उभे राहून फोटो शेजारी शेजारी धरतात.

आणि उंची. चार वर्षांचं मूल उभं राहिलं तरी त्याचे डोळे जमिनीपासून साधारण 90 सेंटीमीटरवर येतात. मोठ्या माणसाच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत कपाळ मोठं दिसतं, हनुवटी नाहीशी होते आणि मूल वर पाहून आर्जव करत असल्यासारखं वाटतं. मी पहिल्या दिवसापासून बालवाडीच्याच बुटक्या खुर्चीवर बसून फोटो काढतो. संध्याकाळी पाठ धरते, पण डोळ्याला डोळा भिडतो. पाळणाघरात तर सतरंजीवर पालथं पडूनच काम करायचं. तिथे मुलाला चौरंगावर किंवा स्टुलावर बसवायचं नाही. जमिनीवरच बसवायचं, आणि मावशी फ्रेमच्या बाहेर, पण हात पोचेल इतक्या जवळ.

पहिल्या वर्षीचा गोंधळ

फोटोंना मी हजेरी क्रमांकाची नावं दिली होती. मोठ्या गटाच्या अ तुकडीतही 7 नंबर आणि ब तुकडीतही 7 नंबर. माझ्या कॉम्प्युटरवर फोल्डर वेगळे होते, त्यामुळे चूक कळली नाही. लॅबमधून मात्र सगळे प्रिंट एका गठ्ठ्यात आले, मागे फक्त फाईलचं नाव: 07. दोन सात, दोन आठ, दोन नऊ. मुलांचे चेहरे मला पाठ नव्हते. मोठ्या गटाच्या ताईंनी आख्खी दुपार माझ्याबरोबर बसून पाकिटं लावून दिली, तरी त्या एका गटात सहा पाकिटं चुकीच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी एक वडील पाकीट घेऊन स्टुडिओत आले. आवाज चढवला नाही त्यांनी. पाकिटातून एका अनोळखी मुलाचा हसरा फोटो काढून काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "हा कुणाचा मुलगा? आणि माझा कुठे आहे?" आपल्या मुलाचा फोटो कुणाच्या घरी गेलाय हे बापाला माहीत नसणं किती गंभीर आहे, ते मला त्या क्षणी कळलं.

दुसरी गोष्ट तिटेची. लहान गटातल्या बऱ्याच मुलांना घरून काजळाची तीट लावून पाठवलं होतं, कुणाच्या गालावर, कुणाच्या कपाळाच्या कडेला. मी फोटो सुधारण्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरलं त्यानं सगळ्या चेहऱ्यांवरचे डाग एका फटक्यात पुसले, तिटेसकट. एका मुलीचा तर जन्मापासूनचा तीळही गेला. तिची आजी म्हणाली, "आमच्या पोरीच्या तोंडावरची खूणच काढून टाकलीत तुम्ही." त्यावर उत्तर नव्हतंच. आता मी एवढंच पाहतो: आठवड्यात आपोआप जाणारं असेल ते काढायचं, म्हणजे डासाचा फोड, खरचटलेलं, नाकाखालचं ओघळलेलं. तीळ, जन्मखूण, पडलेला दात, चष्मा आणि तीट, हे मुलाचं आहे. त्याला हात लावायचा नाही.

पण खरी चूक विक्रीच्या पद्धतीत होती, आणि ती पद्धत माझी नव्हती, वर्षानुवर्षं चालत आलेली होती. सगळ्या मुलांचे फोटो आधी छापायचे, मुलांच्या हाती घरी पाठवायचे, आणि पालकांनी एक तर पैसे पाठवायचे नाही तर फोटो परत. मीही तेच केलं. सेट 200 रुपयांचा: एक 6 बाय 8, आठ पासपोर्ट आणि तुकडीचा 8 बाय 12 ग्रुप फोटो. विक्री 97 सेटची झाली. उरलेले 59 सेट परत गोळा करायला मी शनिवारी वर्गात गेलो. लहान गटातली एक मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी, पाकिटातून आपला फोटो काढून बाकावर ठेवून बघत बसली होती. ताईंनी ते पाकीट हलकेच उचलून माझ्या हातात दिलं. तिनं काही हट्ट केला नाही. माझ्या पिशवीत पाकीट जाताना ती बघत राहिली, आणि मग शेजारणीच्या फोटोकडे बघायला लागली.

ती पिशवी घेऊन मी घरी आलो आणि ठरवलं, मुलाच्या हातात एकदा दिलेला फोटो परत मागायचा नाही. ज्या पद्धतीत तो मागावाच लागतो, ती पद्धत मी वापरणार नाही. या पद्धतीत विक्री जास्त होते असं सांगणारे लोक मला भेटलेत. होत असेल, पण ती मुलाच्या हिरमुसण्यावर होते. नंतर ते 59 सेट मी मोठ्या बाईंच्या हाती दिले आणि ज्यांचे त्यांना पोचवायला सांगितले, पैसे न घेता.

हिशोबही सांगतो. एका सेटचा खर्च 66 रुपये: 6 बाय 8 चे 14, पासपोर्टच्या शीटचे 8, ग्रुप फोटोचे 35, पाकिटाचे 9. असे 156 सेट म्हणजे 10,296. विक्री 19,400. शाळेचा हिस्सा सेटमागे 20 प्रमाणे 1,940. मदतनीस दोन दिवस, 1,600. गैरहजर मुलांसाठी दुसरी फेरी आणि पेट्रोल, 640. हाती राहिले 4,924, आणि फोटो, सुधारणा, पाकिटं, वसुली सगळं धरून दिवस गेले 13. दिवसाला 380 रुपयेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या वर्षीची तयारी

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडली, आणि राज्य सरकारनं शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी याबद्दल कडक आदेश काढले. डिसेंबरात मोठ्या बाईंनी मला स्पष्टच सांगितलं की बाहेरून येणाऱ्या माणसाचंही चारित्र्य प्रमाणपत्र त्यांना हवंय, माझं आणि मदतनिसाचं. मी दोन्ही काढून दिली. त्यांच्या बाजूनं आणखी एक अट होती आणि ती मला मनापासून पटली: फोटोच्या खोलीचं दार उघडं राहील, एक ताई पूर्ण वेळ आत असतील, आणि मुलाचे कपडे, केस नीट करायचे असतील तर ते ताईच करतील. मी मुलाला हात लावत नाही. हनुवटी वर हवी असली तर माझी वर करून दाखवतो, मूल लगेच नक्कल करतं. शाळेनं अशा अटी घातल्या नाहीत, तर त्या आपणच मांडाव्यात.

माझ्या बाजूनं मी एक पानी मराठी फॉर्म केला. मुलाचं पूर्ण नाव देवनागरीत, पालकांच्याच अक्षरात, म्हणजे ग्रुप फोटोखाली ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. तुकडी आणि जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला, नंबर. खाली परवानगी, वेगवेगळ्या रकान्यांत: एकट्याचा फोटो, ग्रुप फोटो, शाळेच्या ओळखपत्रासाठी वापर. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती पडताळता येईल अशी हवी. हा कायदा वाचल्यावर तोंडी "चालेल हो" यावर काम करणं मी थांबवलं. शिवाय 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणून फॉर्मवर मी स्वतःच लिहून दिलं की हे फोटो स्टुडिओच्या काचेत, इन्स्टाग्रामवर किंवा जाहिरातीत येणार नाहीत. दोन महिन्यांनी माझ्याकडची प्रतही पुसली जाईल, त्याआधी जादा प्रती मागवाव्यात.

पैसे आधी, ऑर्डरप्रमाणे. सेट 220. ज्यांनी ऑर्डर दिली नाही पण परवानगी दिली, त्या प्रत्येक मुलाला एक 4 बाय 6 चा फोटो माझ्याकडून. त्यामुळे वाटपाच्या दिवशी वर्गात एकही मूल रिकाम्या हातानं बसत नाही. शाळेला रोख हिस्सा नाही. त्याऐवजी परवानगी असलेल्या सगळ्या मुलांचे ओळखपत्रासाठी कापलेले फोटो, जनरल रजिस्टरच्या नंबरानं नाव दिलेले. शाळेचं कार्यालय यावर रोख रकमेपेक्षा जास्त खूश झालं, कारण जूनमध्ये ओळखपत्रं करताना त्यांचे आठ दिवस वाचले.

तीन पालकांनी परवानगी नाकारली. कारण विचारायचं नाही, हे मी आणि ताईंनी आधीच ठरवलं होतं. पण त्या तिघांना ग्रुपच्या वेळी नुसतं बाजूला उभं करणं बरं दिसलं नसतं. तेव्हा एका ताईंनी त्यांना झारी दिली आणि मागच्या कुंड्यांना पाणी घालायला नेलं. ग्रुप झाल्यावर बाकीची मुलंच झारीसाठी मागे धावली.

आणि पाटी. प्रत्येक मुलाच्या हातात आधी दगडी पाटी द्यायची, तिच्यावर खडूनं नाव, तुकडी आणि रजिस्टर नंबर. पहिला फोटो पाटीसह, मग पाटी खाली ठेवून तीन-चार फोटो. घरी फोटो उघडले की पाटी दिसली म्हणजे पुढचं मूल सुरू झालं. फाईलचं नाव पाटीवरून लिहायचं, फॉर्मशी ताडून बघायचं. या एका पाटीनं एकही पाकीट चुकू दिलं नाही. गैरहजर मुलांची यादीही तिथल्या तिथे तयार झाली: 20 आणि 21 जानेवारीला 161 पैकी 14 जण आले नव्हते, त्यांच्यासाठी 24 ला पुन्हा गेलो. तो तिसरा दिवस सुरुवातीपासूनच हिशोबात धरायचा.

पाळणाघरात या वेळी बोरनहाणाचा दिवस धरला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हे चालतं, त्यामुळे तारखेची ओढाताण नव्हती. सकाळी सव्वादहा, खाऊ झालेला. मुलं काळ्या झबल्यात आणि हलव्याच्या दागिन्यांत. काळे कपडे, काळे केस, मागे माझा नेहमीचा गडद राखाडी पडदा, असं केलं असतं तर मूल पडद्यात विरघळलं असतं. म्हणून फिका बदामी पडदा नेला. फ्लॅशचा एकच सौम्य उजेड छतावर मारला, डोळ्यांवर येणारा नाही. बोरं, चुरमुरे डोक्यावरून पडायला लागले की कॅमेऱ्याकडे कोण बघतंय! एकही मूल रडलं नाही असं म्हणणार नाही. दोघं रडली, बोरं डोक्यावर लागली म्हणून. 24 पैकी 22 घरांतून ऑर्डर आली.

ग्रुप फोटो अंगणात, इमारतीच्या सावलीत, सकाळी. पुढची रांग सतरंजीवर, मधली बाकांवर, मागची उभी. एफ 8, फोकस मधल्या रांगेवर. 35 लहान मुलांत सगळ्यांचे डोळे एकदम उघडे मिळणं कठीण, म्हणून प्रत्येक तुकडीचे किमान दहा फोटो. मोजून "एक, दोन, तीन" म्हणायचं नाही. तीनला निम्मी मुलं डोळे मिटतात.

दुसऱ्या वर्षीचा हिशोब: 118 सेट, विक्री 25,960. छपाई सेटमागे 68 झाली होती, म्हणजे 8,024. मदतनीस 1,600. ऑर्डर नसलेल्या 40 मुलांच्या 4 बाय 6 चे 320. हाती 16,016, दिवस 9. दिवसाला 1,780 च्या आसपास. वसुलीची फेरी नव्हतीच.

वर धरलेली नाही अशी एक मागणी नंतर आली. मोठ्या गटात ताईंनी मुलांना पाटीवर नाव स्वतःच लिहू दिलं होतं, नंबर तेवढा त्या लिहीत. एका मुलानं स्वतःच्या नावातला "र" आरशात दिसावा तसा उलटा काढला. ताई पुसायला वाकल्या, तर त्यानं पाटी छातीशी घट्ट धरली. मी तसाच फोटो काढला. नमुने दाखवायच्या दिवशी त्याच्या आईनं तो पडद्यावर बघितला आणि विचारलं, हा मिळेल का. तो तर नुसता ओळखीपुरता काढलेला आहे, असं मी सांगत होतो तोवर मागच्या बाईंनीही आपल्या मुलीचा पाटीचा फोटो मागितला. 31 घरांनी तो 6 बाय 8 मध्ये मागवला, 60 रुपयांप्रमाणे. तेव्हापासून माझ्या सामानात खडूचा नवा खोका आणि पाटी पुसायचं ओलं फडकं असतं, आणि पाटीच्या फोटोचा फोकस मी आता डोळ्यांइतकाच अक्षरांवरही तपासून घेतो.